शनीला सोडलेले बूट

मंदा,

तू वलगावच्या लग्नाहून येशील तेव्हा मी घरी नसेन. शनिमंदिरात तुझे बूट शोधायला चाललोय.

उद्या तू शेगावला पायी निघणार आणि मी सामानाच्या गाडीत बसणार, म्हणजे मला बूट कशाला? म्हणून काल शनिवारी मी माझे बूट देवळाबाहेर सोडून आलो. तेवढीच पनवती जाईल. हसू नकोस, बायपासनंतर माणूस शनीशी वाकडं घेत नाही.

पण आपले दोन्ही जोड सारखेच. मापही एकच, हे तू चारचौघांत सांगू देत नाहीस म्हणून इथे लिहितो. चकचकीत ते तुझे, कारण वस्तू नीट तूच ठेवतेस, आणि मळके ते माझे, असं धरून मी मळके उचलले. ते तुझे होते, शेगावच्या सरावाला रोज चालून मळलेले, हे घरात बसणाऱ्याला सुचलं नाही.

"नवस तुमच्या ऑपरेशनचा, अन् तुमीच पलंगावर लोळून राहिले!" असं तू म्हणायचीस, तेव्हा मी डॉक्टरांचं नाव पुढे करायचो. डॉक्टर तर चालाच म्हणत होते.

पुजाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, इथं लोक सोडाले येतात. न्याले येणारे तुमीच पहिले."

जाड मोजे आणि खोबरेल तेल तुझ्या पिशवीत भरलंय. बूट मिळाले नाहीत, तर माझे घाल. कोरे आहेत, चावतील. मी रोज तुझ्यासोबत आलो असतो, तर एव्हाना तेही मऊ झाले असते.