एक वाक्य, तुमच्या आवाजात

तीर्थरूप बाबा,
इथूनच वाकून नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. पीएच.डी. मात्र मानववंशशास्त्र आणि भाषाशास्त्र अशी जोडीची, म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी. तुमच्या सुतारकामाच्या गप्पा मी रेकॉर्ड केल्या होत्या, त्या भाषेच्या सरांना आवडल्या. दुसऱ्या विभागाच्या मॅडम म्हणाल्या, "वडिलांची परवानगी नसेल तर सगळं पुसून टाक." घरच्या माणसाला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

परवानगी तुमच्या आवाजातच लागते. तेव्हा घशाच्या ऑपरेशनआधी फोनवर एवढंच म्हणा, "माझं बोलणं ठेवायला हरकत नाही." नंतर आवाज कसा राहील, ते आई सांगत नाही. तुम्हाला तरी सांगितलंय का?

विभागाला एक वाक्य पुरतं. तुम्ही मात्र बोलत राहा, मी फोन ठेवणार नाही.

तुमची,
धाकटी