घरी राहिलेल्याचं पान

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली. इतक्या वर्षांत तुमची आठवण पुष्कळ वेळा आली, पण राग आला नव्हता. गेले तीन महिने येतो आहे. तो कशाचा, हे नीट सांगता यावं म्हणून लिहायला बसले. सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या डेस्कवर गेली. संध्याकाळी पाचच्या आत कुठल्याही विषयावर सहाशे शब्द द्यायची सवय आहे. हे पत्र मात्र आठवड्यात तीनदा सुरू केलं आणि तीनदा फाडलं. विषय म्हटला तर अगदी साधा आहे. हॉटेलातल्या बुफेमध्ये कसं जेवावं.

तुम्ही बुफे पाहिलाच नाहीत. तुमच्या वेळी चामराजपेटेतल्या आपल्या समाजाच्या हॉलमध्ये पंगती बसायच्या, आणि वाढप तुमच्याकडे असायचं. सहा दिवस चिकपेटेत कापड मोजायचं आणि रविवारी कुणाच्या ना कुणाच्या लग्नात धोतर खोचून पंगतीतून फिरायचं. हातात कधी भांडं नसायचं. नुसते बघत चालायचात. कुणाचा हात मंदावला, कुणाला भात हवा आहे पण संकोच वाटतो, कुणी उगाच घेऊन ठेवलंय, सगळं तुम्हाला उभ्या उभ्या कळायचं. मी दहा वर्षांची असताना एका लग्नात तीन जिलब्या वाढून घेतल्या. दोन खाल्ल्या, तिसरी जाईना. पंगत उठायची वेळ झाली. तुम्ही माझ्या पानासमोर उभे राहिलात आणि मोठ्याने म्हणालात, "स्वल्प थांबा मंडळी, आमच्या बाईसाहेबांचं चाललंय अजून." पान रिकामं होईपर्यंत कुणी उठायचं नाही हा रिवाज. चाळीस माणसं वाळलेले हात घेऊन बसली आहेत, समोरच्या रांगेतल्या एक आजी हसताहेत, आणि मी रडत रडत जिलबी चावते आहे. त्या दिवसापासून आजपर्यंत मी पानात काही टाकलेलं नाही. याबद्दल तुमच्यावर राग नाही. तो दुसऱ्या गोष्टीचा आहे.

शेवटची पंगत बसायच्या आधी तुम्ही हॉलच्या दाराशी जाऊन उभे राहायचात. जेवून निघालेल्या प्रत्येक घराला विचारायचात, "घरी कोण राहिलंय?" कुणाची सासू अंथरुणावर असायची, कुणाची बाळंतीण, कुणाचा दमेकरी भाऊ. मग आतून पान यायचं. केळीच्या पानात भात, भाजी, कोशिंबीर, पुरणाच्या दोन होळिगे, सगळं वेगवेगळं बांधून वर केळीच्याच सोपाची दोरी. कुणी नको म्हटलं तर ऐकायचा नाहीत. "आम्ही त्यांना जेवायला बोलावलंय. त्यांना येता आलं नाही, म्हणून जेवण जातंय," असं म्हणायचात. ते पान घेऊन जाताना कुणाची मान खाली गेलेली मला आठवत नाही. आई तर घरी आल्यावर कौतुकाने सांगायची, आज अकरा पानं गेली, आज चौदा.

आता ऐका. तुमची थोरली, अक्का, न्हाणीघरात पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ती आणि आई माझ्याजवळच असतात, बनशंकरीला. अक्काच्या मुलाला ऑफिसात बढती मिळाली, तेव्हा त्याने आम्हाला एका मोठ्या हॉटेलात रविवारच्या जेवणाला नेलं. तो, त्याची पुण्याची बायको, आई आणि मी. अक्का अर्थातच घरी. तिच्याजवळ बाई ठेवून आम्ही निघालो.

आत गेल्यावर आई बराच वेळ काठी टेकून नुसती बघत राहिली. साठ-सत्तर पदार्थ असतील. लोक उभ्याने भरलेल्या ताटावर आणखी एक ताटली तोलत चालले होते. आमच्या शेजारच्या टेबलावर तिघांनी मिळून सात ताटल्या जमवल्या आणि त्यातल्या पाचांतून एकेकच घास खाल्ला. आपलं टेबलही काही मागे नव्हतं. भाच्याने सुरुवातीलाच कबाबांनी पोट भरून घेतलं, मग पास्ता आणला आणि तसाच ठेवला. सूनबाई म्हणाली, "मावशी, अहो थोडं थोडं सगळंच ट्राय करायचं. नाही आवडलं तर सोडून द्यायचं. वसूल झालं पाहिजे ना!" ती चांगली मुलगी आहे, आईला हाताला धरून तिनेच सगळीकडे फिरवलं. पण मी त्या पास्त्याकडे बघत होते आणि मला वाटत होतं, आता कुणीतरी येऊन या हॉलमध्ये मोठ्याने म्हणावं, स्वल्प थांबा मंडळी.

एका कोपऱ्यात एक आचारी तव्यावर होळिगे भाजत होता. आई तिथे गेली. मी मागे होते म्हणून मला ऐकू आलं. आई आपल्या जुन्या कन्नडमध्ये त्याला म्हणाली, "मनेयल्लि मगळु इद्दाळे, अवळिगे ओंदु कोडप्पा." घरी मुलगी आहे, तिच्यासाठी एक दे. तो हसला. "एरडु तगोळि अज्जी," म्हणत त्याने एक नाही, दोन दिल्या. वर तूप सोडलं. आई टेबलाशी आली, कागदी रुमालात त्या नीट गुंडाळल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. लपवून नाही, अण्णा. सगळ्यांसमोर, दोन्ही हातांनी.

पाच मिनिटांत काळ्या कोटातला मॅनेजर आला. आईशी नाही, माझ्याशी बोलला. "मॅम, बाहर ले जाना अलाउड नहीं है. सॉरी." आवाज हळू होता, त्याला तमाशा करायचा नव्हता. भाचा कानापर्यंत लाल झाला. "आज्जी, अगं मी घरी जाताना आईसाठी ऑर्डर करतो ना! याच्यापेक्षा चांगली मागवतो." आई म्हणाली, "मागवलेली कशाला? आपण जेवलो त्यातलं पाहिजे." मॅनेजर उभाच. आजूबाजूच्या माना वळायला लागलेल्या. आणि मी काय केलं? आईच्या मांडीवरची पर्स उघडली, ती पुडी काढली आणि समोरच्या ताटलीत ठेवली. ती ताटली पास्त्याची होती. मॅनेजर थँक यू म्हणाला. मागून वाढप्याने येऊन पास्ता, कबाबाच्या काड्या आणि होळिगे एकदम उचलून नेलं. आई इतकंच म्हणाली, "ते वाढलेलं होतं गं."

त्यानंतर आईस्क्रीम खाल्लं, फोटो काढले.

मी डेस्कवर बसलेली बाई आहे. दुसरी बाजू मला लगेच दिसते. हॉटेलाचा नियम चुकीचा नाही. एकाला पुडी नेऊ दिली तर उद्या लोक पिशव्या घेऊन येतील, हे मला कळतं. मॅनेजर त्याची नोकरी करत होता. मग मला चीड नेमकी कशाची येते? पाच ताटल्या उष्ट्या टाकल्या तर तिथे कुणी येत नाही. ते पाहुण्याचं सुख. आजारी मुलीसाठी दोन होळिगे घेतल्या, त्याही मागून, वाढणाऱ्याने आनंदाने दिलेल्या, तर ती चोरी. टाकलेलं चालतं, नेलेलं चालत नाही. हे मी तीन महिन्यांत कितीदा तरी मनात उलटंपालटं करून पाहिलं, भाच्याशी फोनवर वाद घातला. "मावशी, तू फार ओव्हरथिंक करतेस," तो म्हणाला. "पॉलिसी आहे ती." असेल.

पण घरात जे झालं त्याला पॉलिसी म्हणता येत नाही. अक्काला सगळं कळलं. आईनेच सांगितलं असणार. अक्का पडल्या पडल्या मला म्हणाली, "मॅनेजरने पर्सला हात लावला होता का?" मी म्हटलं, नाही. "मग तू कशाला लावलास?" आणि आई आता जेवताना विचारते. माझ्या घरात, स्वतःच्या मुलीच्या टेबलावर. "अजून अर्धी पोळी घेऊ का?" पहिल्यांदा मला वाटलं, सहज विचारते आहे. मग दह्याला विचारलं, मग लोणच्याला. मी म्हणते, "आई, अगं घे की, विचारतेस काय!" ती म्हणते, "सरी, सरी, बरं," आणि घेते, पण दुसऱ्या दिवशी परत विचारते. शहाऐंशी वर्षांची बाई. तिच्या हाताचं मी आयुष्यभर न विचारता खाल्लं.

तुमच्यावरचा राग इथे आहे, अण्णा. "मागायचं नाही," हे तुम्ही आम्हा दोघी बहिणींच्या हाडात भरलंत. शेजारी गेलो तर मागायचं नाही, लग्नात मागायचं नाही, मामाकडे मागायचं नाही. तुम्हाला ते शोभलं, कारण तुम्ही दाराशी उभे राहून विचारत होता. तुम्ही विचारायचात म्हणून कुणावर मागायची पाळी आली नाही. पण तुमच्या मागे विचारणारा कोण उरणार, याचा विचार तुम्ही केला नाहीत. माणूस गेला आणि त्याच्याबरोबर प्रश्नही गेला. आमच्याकडे उरली ती नुसती मागण्याची लाज. आईकडे ती नव्हती. ती सरळ जाऊन मागू शकली, आणि तिला शरमिंदं केलं ते तुमच्या तालमीतल्या मुलीनेच.

काल चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. तोच चामराजपेटेतला हॉल. आता तिथे पंगत बसत नाही. भिंतीला लागून टेबलं मांडतात, लोक ताटं घेऊन उभे असतात. आईला चल म्हटलं. ती म्हणाली, "मी राहते अक्काजवळ. तू जाऊन ये." पूर्वी आदल्या रात्रीच साडी काढून ठेवणारी बाई. मी ठरवलं की आज दोघींचं जेवण घेऊनच यायचं. इथे हॉटेल नाही, मॅनेजर नाही, आपलीच माणसं. चार पुडांचा डबा घासून पिशवीत घातला आणि गेले.

जेवले. ताट स्वच्छ केलं. चुलतभाऊ समोर आला. "काकू नाही आल्या?" मी म्हटलं, "नाही, घरी आहे. अक्काही." "हो का? बरं बरं. तू सावकाश जेव हं ताई," म्हणाला आणि फोटोसाठी गेला. मी होळिग्यांच्या टेबलासमोर उभी राहिले. परात अर्धी भरलेली होती. वाढणारी बाई म्हणाली, "आणखी एक घ्या ना अक्का, गरम आहे." म्हणजे तिने माझं काम निम्मं केलंच होतं. पिशवीत हात घातला, डब्याची कडी बोटांना लागली. मी म्हटलं, "नको, झालं माझं." आणि निघाले. कुणी अडवलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. तीन महिने मी ज्या नियमावर चिडले होते तो त्या हॉलमध्ये नव्हताच.

रिक्षात बसून विचार केला की परत जावं. गेले नाही. घरी आले तेव्हा दोघी खिचडी खात होत्या. डबा मी तसाच, कडी न वाजवता, मांडणीवर ठेवला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि ज्यांना वाचून दाखवायला हवं त्या दोघी पलीकडच्या खोलीत आहेत. त्यांनाही मी ते दाखवणार नाही. काल आईने विचारलं, "जेवण कसं होतं?" मी म्हटलं, "काही खास नव्हतं गं. होळिगे तर कच्च्याच होत्या." ती म्हणाली, "मग बरंच झालं," आणि अक्काला खिचडीवर तूप वाढायला लागली.

जेवण फार चांगलं होतं, अण्णा.