समोरच्याचं म्हणणं

३ मार्च, रविवार
सात माणसं आली! खुर्च्या वीस मांडल्या होत्या. वरच्या गल्लीतले चार खिडकीपाशी, आमच्या खालच्या गल्लीतले तीन दारापाशी – पळायला बरं म्हणून. निवडणुकीच्या निकालादिवशी दगडफेक झाली, त्याला पाच महिने झाले. तेव्हापासून दोन्हीकडचे एका खोलीत बसले ते आजच. मी नियम सांगितला – आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल असं सांगून दाखवायचं, मगच आपलं. आमच्या गल्लीतला औषधवाला म्हणाला, बाई, हे वाचनालय आहे की बालवाडी? कोणी हसलं नाही.

खुर्च्या दादानेच लावून दिल्या. बैठकीला थांब म्हटलं, पण थांबला नाही.

५ मार्च
वाचनालयाच्या पाटीला कोणीतरी काळं फासलंय. रॉकेलने पुसलं. डाग राहिलाच.

१० मार्च, रविवार
आज वरच्या गल्लीतले शिंपीकाका बोलले. त्या दिवशी दगड लागून त्यांचा उजवा डोळा गेला. मशीन अजून चालवतात, पण सुई ओवायला सुनेला हाक मारावी लागते. डोळ्यापेक्षा त्या हाकेचं जड जातं, म्हणाले.

मग औषधवाल्याची पाळी. त्याचं दुकान वरच्या गल्लीने फोडलेलं. तीनदा सुरुवात केली, तिन्ही वेळा ‘पण माझं दुकान’वर येऊन थांबला. चौथ्यांदा हळूच म्हणाला, “सुनेला हाक मारायची वेळ आली की तुम्ही काम बाजूला ठेवून देता. तसंच पडून राहतं.”

“हो,” शिंपीकाका म्हणाले. “हेच.”

मग त्यांनी औषधवाल्याचं दुकान सांगितलं. काचा, औषधांचा वास, सगळं. औषधवाला पूर्ण वेळ जमिनीकडे बघत होता.

घरी येऊन दादाला सांगितलं. जेवता जेवता ताटावरून उठला.

१३ मार्च
तो दगड दादाचा.

नेम धरला नव्हता, म्हणतो. पण काका खाली बसलेले दिसले, आणि हा पळाला. पाच महिने पोटात ठेवलं. रविवारी सगळ्यांसमोर सांगतो म्हणाला. मी म्हटलं, “एक शब्द काढायचा नाही.”

मी म्हटलं! मी!

पोलीस येतील. नोकरी जाईल. वहिनीचं काय? आणि पुन्हा दगड उडाले तर? सगळी कारणं खरी आहेत. खरी आहेतच.

१७ मार्च, रविवार
अकरा जण. आज कोणी बाजू बघून बसलं नाही. पाच महिने ज्याची वाट पाहिली तो दिवस – आणि कधी संपतोय असं झालं होतं. दादा आला नाही. निघताना शिंपीकाका म्हणाले, “बाई, तुमच्यामुळे माणसांत आलो.” मी खुर्च्या आवरत राहिले. वर बघितलं नाही.

१८ मार्च
दादा मला न सांगता सकाळी शिंपीकाकांकडे जाऊन आला. सगळं सांगितलं. त्यांनी शिवी दिली नाही, हात उचलला नाही. एवढंच विचारलं – बाईंना माहीत होतं?

दादा हो म्हणाला.