न सुटणारी खिट्टी

ता. ४ मार्च

चि. थोरल्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन करणार होते, पण मी आवाज चढवला की तुला फोनवर ऐकू येईनासं होतं. कागदाला तसलं नाटक जमत नाही, म्हणून लिहिते आहे. शाळा चौथीत सुटली, तेव्हा अक्षर आहे हे असं आहे. चष्मा लावून वाच.

तुझ्या बहिणीकडे मी ठीक आहे. गुडघे दुखतात, ते दुखणारच. आता मुद्द्याचं. भिंगरी तुझा कारखाना सोडून का गेली हे तू मला सांगितलं नाहीस. तीही बोलली नाही. शेवटी काल भाजी निवडता निवडता तिच्या आईने तोंड उघडलं. छतात बसवायची ती हवा गाळणारी पेटी, तिच्या पेटंटचा अर्ज तू केलास, आणि पेटी कोणी शोधून काढली असं जिथे विचारलंय तिथे आपल्या चिरंजीवांचं नाव घातलंस. भाचीचं नाही. अरे, घरातला पंखा पुसायचा तर त्या पोराला स्टुलावर चढायची भीती वाटते! आणि छतातली पेटी त्याने शोधली?

पोरगी तुझ्याकडे आली ती शिकून आली. तुझ्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये शिडीवर उभी राहून, मान वर करून करून दुखणं लावून घेतलं तिने. दुपारचा डबा तसाच परत यायचा, मी पाहिलाय. तेव्हा तू चारचौघांत सांगत फिरायचास की भाचीने कमाल केली. नाव घालायची वेळ आली तेव्हा मुलगा आठवला. लाज वाटली का, असं विचारत नाही. वाटली असती तर हे मला तूच सांगितलं असतंस.

नाव बदल. कसं बदलायचं ते वकिलाला विचार, त्याला काय शोभेला ठेवलाय?

सुनेला आशीर्वाद सांग. बाळराजांना काही सांगू नकोस, त्यांना मी समोर आल्यावर सांगेन. लोभ वाढावा असं शेवटी लिहायची पद्धत आहे. वाढेल असं काहीतरी कर.

तुझी आई


ता. ११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वाचून मनाला लागलं. एकीचं ऐकून दुसऱ्याला फासावर चढवायची तुझी सवय काही जात नाही.

भिंगरीचं मला कौतुक होतं आणि आहे. पण पेटी माझ्या कारखान्यात झाली, माझ्या टेबलावर झाली, माझा पत्रा वापरून झाली. उद्या हे सगळं चिरंजीवांना सांभाळायचं आहे. दवाखाने आणि औषधांचे कारखाने हे आमचे ग्राहक, त्यांच्यापुढे त्याचं नाव व्हायला नको का? ती आज ना उद्या दुसरीकडे जाणारच होती, आणि गेलीच की. शिवाय त्याचं नाव अगदीच हवेतलं नाही. नमुन्याच्या पेटीत फिल्टर धरून ठेवणारी खिट्टी सारखी अडायची. एकदा ग्राहकासमोर हा ओढतोय, ओढतोय आणि ती सुटायलाच तयार नाही. सगळ्यांसमोर शोभा झाली. ती खिट्टी त्याने सुधारून घेतली, आता बोट लावलं की सुटते. अर्जातही त्याने तसंच लिहिलं आहे.

आता एक अडचण आहे. पेटंट ऑफिसातल्या परीक्षकाचं पत्र आलं आहे. तो म्हणतो, खालून फिल्टर काढायची आणि वर झाकण सरकवायची पेटी पूर्वीच कोणीतरी केलेली आहे, तर तुमच्या पेटीत नवीन काय ते दाखवा. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. चिरंजीव म्हणतात, आपली पेटी दिसायला सुबक आहे. वकील म्हणतो, हे उत्तर होत नाही. भिंगरी माझा फोन उचलत नाही. तुझं ती ऐकते. नवीन काय आहे ते पानभर लिहून पाठव म्हणावं. घरचंच काम आहे.

तब्येतीला जप. गुडघ्यांना तेल लावत जा. कृपा आहेच, ती असू द्यावी.

तुझा आज्ञाधारक
थोरला


ता. १६ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

तुझ्या मामाचं पत्र आलं. तुला पाठवत नाही, कारण तू ते फाडशील, आणि मला ते जपायचं आहे. तो म्हातारा झाला की त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आहे.

थोडक्यात सांगते. परीक्षकाने त्यांना कोंडीत पकडलं आहे. यात नवीन काय, असं विचारलंय, आणि बापलेकांना ते ठाऊक नाही! चोरी केली ती पण डोळे झाकून. आता तुझ्याकडून पानभर लिहून हवंय. घरचं काम आहे म्हणे. नाव घालताना घर कुठे गेलं होतं? एक ओळ जरी लिहून दिलीस तर माझ्याशी गाठ आहे.

रागावले तुझ्यावरही आहे. गुपचूप बॅग भरून काय गेलीस? कोणाचं काही चोरून नेत होतीस का? भांडून जायचं होतंस. त्या शेडच्या मध्यभागी उभी राहून, सगळे कामगार ऐकतील असं बोलायचं होतंस. तुझी आईही अशीच, आतल्या आत कुढणारी. माझ्यावर कोणीच कसं गेलं नाही, कळत नाही.

आणि त्या पेटीत एवढं आहे तरी काय ते मला सांग. समजेल असं सांग, पण मी दूधखुळी आहे असं धरून नको. खोली कशी आहे? जेवतेस का? उलट टपाली लिही.

तुझ्यावर लोभ आहे, तेवढ्यावर माजू नकोस.

तुझी आजी


ता. २४ मार्च

ती. आजीस,
शि. सा. न.

तुझं पत्र इतकं मोठ्याने ओरडत होतं की पाकीट उघडायच्या आधीच मी कान धरले. खोली बरी आहे. खाली छापखाना, खिडकीसमोर भिंत. औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली. आत जाताना डोक्यापासून पायापर्यंत पांढरा डगला चढवावा लागतो, नुसते डोळे उघडे. तू पाहिलंस तर भूत समजून शिव्या घालशील. जेवते आहे.

आता पेटी. डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशनची खोली असते, तिथे हवेत धुळीचा कण चालत नाही. म्हणून छतात पेटी बसवतात. वर पंखा, खाली फिल्टर. पंखा हवा खाली ढकलतो, धूळ फिल्टरच्या वरच्या अंगाला अडकते. काही काळाने फिल्टर भरतो आणि बदलावा लागतो. तो खाली काढताना वर साठलेली धूळ नेमकी त्याच खोलीत सांडते. मग खोली बंद, धुणं, पुसणं, तपासणी. मी दुरुस्तीला गेले होते त्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर एका डोळ्यावर पट्टी लावलेली माणसं बसली होती, आणि नर्स त्यांना सांगत होती की आज घरी जा, पुढच्या आठवड्यात या. एक बाई उठेचना. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं.

माझ्या पेटीत आधी झाकण सरकवून फिल्टरचं वरचं अंग बंद करायचं. धूळ आत कोंडली जाते. मग खिट्टी सोडून फिल्टर झाकणासकट खाली घ्यायचा. झाकणं जुन्या पेट्यांनाही आहेत, परीक्षकाचं बरोबर आहे. पण घाईत माणूस झाकण लावायला विसरतो. म्हणून मी खिट्टी झाकणाला जोडली. झाकण पुरतं बसल्याशिवाय ती सुटत नाही, कितीही ओढा. आजी, ती खिट्टी अडायची कारण ती अडायलाच केली होती! माझ्या पेटीत नवीन काय असेल तर तेवढंच. दादाने झाकण न लावता खिट्टी ओढली, ती सुटली नाही, त्याला ती बिघडलेली वाटली. मी समजावायला गेले तर म्हणाला, ग्राहकांपुढे मला शिकवायला येऊ नकोस. आणि मग त्याने ती 'सुधारली'.

अर्ज आता कोणालाही वाचता येतो, मी वाचला. त्यात लिहिलंय की आमची खिट्टी झाकण उघडं असतानाही सहज सुटते. त्यांनी जे चोरलं ते फेकून दिलं आणि उरलेल्याचा अर्ज केला. पेटंटचा नियम असा की अर्ज केला त्या दिवशी कागदावर जे नव्हतं, ते नंतर घुसडता येत नाही. आता मी पानभर काय, वहीभर लिहून दिलं तरी त्यांचा उपयोग नाही.

पण माझी खिट्टी अजून माझ्याकडे आहे. मी नवा अर्ज करते आहे. शोधलं कोणी, तिथे माझं नाव. मालकी कारखान्याकडे राहिली तरी चालेल, पत्रा मामाचाच होता. नाव मात्र सोडणार नाही. तोवर मामाला यातलं काही सांगू नकोस. त्याला कळलं तर तो माझ्याआधी अर्ज करील आणि पुन्हा दादाचंच नाव घालील.

परीक्षकाचा मला राग नाही. त्याने ओळ न् ओळ वाचली आहे, आकृतीत एक खूण चुकली होती तीही काढली. माझ्या पेटीकडे इतकं निरखून पाहणारा तो पहिलाच माणूस, आणि त्याला मी कोण हे ठाऊकसुद्धा नाही.

आईला सांग, मान आता बरी आहे. तुझी माया अशीच राहू दे, आवाज थोडा कमी कर.

तुझी
भिंगरी


ता. २९ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

पोटात ठेवीन. कोणी पोट फाडलं तरी बाहेर येणार नाही.

वाचून डोकं असं तापलं की तुझ्या आईने पंखा लावला. चोराला निदान माल ओळखता यावा! मालकी देऊन टाकते म्हणतेस ते मला पटलेलं नाही. त्याचा पत्रा असेल, डोकं तुझं होतं. पण तुझी पेटी, तुझा निकाल.

एका गोष्टीने झोप उडाली. ती बोट लावलं की सुटणारी खिट्टी कुठल्या दवाखान्याच्या छताला लागली तर? खाली माणूस डोळा उघडा टाकून पडलेला असतो. म्हणून तुझ्या मामाला आजच दोन ओळी टाकल्या. सुनावणी होईपर्यंत एकही पेटी फाटकाबाहेर गेली तर मी फाटकात येऊन बसेन, आणि माझे गुडघे असे आहेत की बसले की उठता येत नाही. का म्हणून विचारशील तर आईचा हुकूम, एवढंच लिहिलंय. खिट्टीचं अक्षर काढलेलं नाही. बसेन म्हटलं की मी बसते, हे त्याला लहानपणापासून माहीत आहे.

अर्ज लवकर कर. रेंगाळू नकोस.

आजी


ता. २२ एप्रिल

ती. आईस,
सा. न.

सुनावणी झाली. अर्ज फेटाळला. तुझं समाधान झालं असेल.

परीक्षकाने चिरंजीवांना विचारलं की तुमचं नवीन काय. त्याने सांगितलं, खिट्टी सहज सुटते. परीक्षक शांतपणे म्हणाला, झाकण उघडं असताना सुटली तर वरची धूळ कुठे जाते? चिरंजीव म्हणाले, स्वच्छ खोलीत धूळ नसतेच. परीक्षकाने चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ लिहीत राहिला. तेव्हा कुठे वकिलाच्या डोक्यात प्रकाश पडला. तो सांगायला लागला की खिट्टी खरं तर झाकणावर अवलंबून आहे. परीक्षक म्हणाला, तुमच्या कागदात नेमकं उलटं लिहिलं आहे, आता बदलता येणार नाही. मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

बाहेर आल्यावर वकिलाने सांगितलं की भिंगरीने स्वतः अर्ज केला आहे. त्यासोबत माझ्या नावाचं तिचं पत्र त्याच्याकडे आलंय, मी अजून उघडलेलं नाही. पेट्या रोखायचा तुझा हुकूम मी मुकाट पाळला, आणि आता कळतंय की तुला सगळं माहीत होतं. तुझा मुलगा चारचौघांत तोंडावर पडणार हे ठाऊक असून तू गप्प बसलीस. आई, मग मी तुझा कोण?

थोरला


ता. २६ एप्रिल

चि. थोरल्यास,
आशीर्वाद. आज एकच, अनेक नाहीत.

होय, मला माहीत होतं. गप्प बसले. आणखी एकदा बसायची वेळ आली तर पुन्हा बसेन. माझ्या गप्प बसण्याने तू पडला नाहीस. तुझा अर्ज तू केलास त्याच दिवशी पडला होता, मी फक्त उचलायला आले नाही. तोंडावर पडलास म्हणतोस. पोरगी एवढे महिने त्या छापखान्यावरच्या खोलीत एकटी पडली आहे, तेव्हा तुला कोणाचं तोंड आठवलं?

तुझ्या लेकावर मला फार राग नाही. त्याला अक्कल नाही, आणि ती आहे असं तू त्याला सांगत आलास. तुला अक्कल होती. भाचीने कमाल केली असं तूच म्हणायचास. जाणून केलंस, म्हणून शिव्या तुझ्या वाट्याला.

तिचं पत्र उघडलं नाहीस? भितोस? मग मीच सांगते त्यात काय आहे. पेटी तुझ्या कारखान्यातच व्हावी, मालकी कारखान्याची राहावी, शोधणारी म्हणून नाव तिचं असावं आणि त्याला तुझी सही असावी. मी तिला वेडी म्हटलं. मी असते तर तुला पत्र्याचा तुकडासुद्धा दिला नसता. पण ती म्हणते, मामाने शिडी दिली होती. बघ, तिला काय लक्षात राहिलं आणि तुला काय.

आता ऐक. त्या सुधारलेल्या खिट्ट्या एकजात भंगारात घाल, एकही ठेवू नकोस. मग तिच्या खोलीवर जा. वकिलाला पाठवू नकोस, बायकोला पाठवू नकोस, फोन तर मुळीच करू नकोस. जिना अरुंद आहे, अंग चोरून चढ. लेकाला बरोबर ने, आणि खिट्टी का अडते ते त्याला तिच्याच तोंडून ऐकू दे, बसून, मधे न बोलता. सही केल्याशिवाय खाली उतरू नकोस. चहा तिने दिला तर घे. नाही दिला तर मागू नकोस.

मी तुझी कोण आणि तू माझा कोण, हे विचारायला तुझी जीभ कशी वळली? दुसरा कोणी असता तर मी एवढे कागद खरडले नसते, थुंकून मोकळी झाले असते.

इथे खाली लोभ असावा असं लिहायचं असतं. लिहीत नाही. तो आहेच. एवढं करूनही मेला जात नाही, त्याचाच मला राग येतो आहे.

तुझी आई