फुकटच्या खेळाची खराब बटणं

चि. भावोजींस,

वहिनीचे अनेक आशीर्वाद. (नात्यानं मोठी म्हणून देतेय, वयानं नव्हे, हे ध्यानात असू द्या.) तुमची पाठ कशी आहे? खुर्चीत बसून बसून पाठ दुखते ही तक्रार दिवसभर दुकानात उभं राहणाऱ्यांच्या घरी कळवत जाऊ नका, इथे कुणालाही दया येत नाही. मामंजी ठणठणीत आहेत. तुमचे दादा बरे आहेत, असं त्यांचं म्हणणं आहे. मी आहे तशीच आहे.

पत्रास कारण की, आमचं बरं चाललेलं घर तुम्ही उठवलंत. लहानपणी तुम्ही दोघे भाऊ हातात धरायची व्हिडिओ गेमची दोन यंत्रं तारेनं जोडून जो चार वाटसरूंचा खेळ खेळायचात, तोच कंपनीनं नव्यानं काढलाय आणि तोही फुकट, ही बातमी कळवायची तुम्हाला काही गरज होती का? फुकट ते पौष्टिक, या न्यायानं ह्यांनी तो लगेच उतरवून घेतला. मागाहून कळलं की खेळ फुकट आहे, यंत्र फुकट नाही. शिवाय खेळ एकट्याचा नाही. गुहेतला प्रत्येक दरवाजा सगळ्यांनी आपापल्या दगडावर एकदम उभं राहिल्याशिवाय उघडतच नाही. म्हणून जुन्या बाजारातून एकाच्या जागी तीन यंत्रं आली. (स्वयंपाकघरातला पंखा बंद पडून किती काळ लोटला, तो विषय मी काढत नाही.)

त्यात ह्यांच्या तोंडून एक चूक झाली. मामंजींना समजावताना हे म्हणाले, की हा खेळ सहकारी तत्त्वावर आहे. एवढं पुरे झालं. पतसंस्थेच्या अध्यक्षपदावरून उतरल्यापासून मामंजींच्या हाताखाली कुणी नव्हतं, आता आम्ही दोघं सापडलो. आधी गणपूर्ती झाली का ते बघायचं, मग मागच्या गुहेचं इतिवृत्त वाचायचं, मगच यंत्र सुरू. डावीकडे वळायचं की उजवीकडे यावर मतदान होतं, आणि मत द्यायला आम्ही हात वर केले, की यंत्र सुटतं आणि वटवाघळं येऊन तिघांनाही खाऊन जातात. त्यावर मामंजी वटवाघळांचा निषेध नोंदवतात. संस्था का बुडाली हे मला इतक्या वर्षांनी समजलं, पण मी कुणाला बोलत नाही.

खोटं कशाला बोलू, मला मात्र खेळ आवडला. त्यात जोडीदाराला डोक्यावर उचलून पलीकडे फेकायची सोय आहे. खड्ड्यापलीकडे पोचवावं असा त्यामागचा चांगला हेतू. पण नेम चुकतो हो कधीकधी. इतक्या वर्षांच्या संसारात सासऱ्यांना उचलून दरीत टाकायची मुभा मला पहिल्यांदाच मिळाली, आणि तीही नियमाला धरून. मामंजी दरीतून वर आले, की सूनबाई, काही हरकत नाही, म्हणतात. एरवी चहाला उशीर झाला तरी हरकत असते.

आणि खेळ करणाऱ्याला सहकार म्हणजे काय ते पुरतं कळलेलं दिसतं. गुहाभर म्हणायचं एकमेकांना सांभाळा, एकमेकांना धरून राहा, आणि गुहा संपली की सर्वांत जास्त रत्नं कुणी गोळा केली त्याचं एकट्याचं चित्र मधोमध, बाकीचे कोपऱ्यात टाळ्या वाजवताहेत. ओझं सगळ्यांनी उचलायचं आणि हार एकाच्याच गळ्यात. माझ्या माहेरी आणि सासरी, दोन्हीकडे हेच चालत आलंय, त्यासाठी यंत्र कशाला हवं होतं?

ह्यांचं मत तुम्हाला हवं असणार, तर ते असं. हे पडले कुलूपवाले, त्यामुळे पहिली हरकत चावीची. एकदा दार उघडलं की चावी हवेत विरून जाते. असलं कुलूप मी विकलं तर गिऱ्हाईक दुकान डोक्यावर घेईल, म्हणाले. दुसरी हरकत अशी, की कुठलीही चावी कुठल्याही दाराला लागते, मग दाराला कुलूप घालायचं कशासाठी? तिसरी हरकत, तार काढून टाकली. तार होती तेव्हा दुसऱ्या टोकाला भाऊ आहे हे ओढून बघता येत होतं. पण सगळ्यांत मोठी हरकत बटणांची. खेळ पुन्हा काढताना उडीचं पार वाटोळं केलं, बटण दाबलेलं कळतच नाही, नवं ते सगळं कचकड्याचं, वगैरे वगैरे. जो पूल तुम्ही म्हणे डोळे मिटून ओलांडायचात, त्यावरून हे दर वेळी खाली पडतात, आणि पडताना आमची सगळ्यांची रत्नं घेऊन पडतात. मामंजींनी दोनदा समज दिली. तिसऱ्यांदा सदस्यत्व रद्द होईल. मी आपली यंत्रांची अदलाबदल करून बघितली, तर माझ्या यंत्राचीही बटणं ह्यांच्या हातात गेल्याबरोबर खराब झाली. हल्ली दुकानातही किल्ल्या घासायचं काम आलं की उद्या या, परवा या, असं चाललंय. कानस नवी आहे, ती धरतच नाही, म्हणतात.

तर आता आम्ही शेवटच्या दरवाज्यापाशी अडकलोय. तिथे चार दगड आहेत आणि आम्ही तीन माणसं. चौथा म्हणून समोरच्या दवाखान्यातले कंपाउंडर यंत्र घेऊन आले. स्वभावानं भले, पण गुहेत शिरले की सुसाट पुढे पळतात आणि सगळी रत्नं वेचतात. तेही चालवून घेतलं असतं. पण ह्यांनी पुलावरून उडी चुकवली तेव्हा त्यांनी विचारलं, हाताला काय झालंय? झालं! ह्यांनी यंत्र खाली ठेवलं, कंपाउंडरांना त्यांच्या चपलांची आठवण करून दिली, आणि मामंजींनी सभा तहकूब केली. खेळात असलं विचारतात का?

तेव्हा चौथा गडी म्हणून तुम्हीच या. तुमचं काम घरबसल्याचं, ते इथे बसूनही होईल. गादी घालून ठेवते. बाकी सर्व क्षेम.

तुमची वहिनी

ता. क. बटणं दुरुस्तीवाल्याला गुपचूप दाखवून आणली. ठणठणीत आहेत. डॉक्टरांकडेही ह्यांना ओढून नेलं होतं. अंगठ्याच्या मुळाशी शीर आखडलीय म्हणतात. छोटीशी शस्त्रक्रिया, आणि पुढे काही महिने कानस हातात धरायची नाही. हे ऐकून हे उठूनच आले. एवढे दिवस दुकान बंद राहिलं तर लोक दुसरीकडे जातील, पुन्हा येणार नाहीत, यावर अडून बसलेत. मला भीती वाटते, भावोजी. हात कायमचा गेला तर हा माणूस करणार काय? ते काम तुमच्याखेरीज कुणाला येतं? त्यांच्याच शेजारी बाकावर बसून तुम्ही शिकलात. काही महिने दुकान सांभाळा. पण मी बोलावलं हे कळू देऊ नका, खेळायला आलो म्हणा. भावापुढे हात पसरायचा नाही, हा त्यांचा हट्ट तुम्हाला ठाऊक आहे.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात हे आले. इतकं लांबलचक काय लिहितेस म्हणाले. मी म्हटलं, भावोजींना खेळाबद्दल कळवतेय. मग म्हणाले, “त्याला लिही, खेळाचं काही चुकलेलं नाही. माझाच अंगठा राहिलाय. दुकानात बसायला येशील का, विचार.” एवढं बोलून खाली निघून गेले. मी वरची सारी पानं भरून जे वळसे घेतले, ते त्यांनी तीन वाक्यांत उरकलं. तेव्हा निमित्त काढायची गरज उरली नाही, भावोजी. विचारलंय, या.