फलकावरची ओळ

मेपल फोर्क, आयोवा
१९ जानेवारी २०१९

प्रिय लवॉन,

तू बरी असशील. नसलीस तरी कळवणार नाहीस, म्हणून बरी आहेस असंच धरून चालते. माझे गुडघे गेले, जीभ शाबूत आहे.

बातमी अशी की आपलं कॉलेज बास्केटबॉलच्या मैदानाला माझं नाव देतंय. नवे क्रीडासंचालक घरी आले होते. वय चाळीसच्या आत, बूट टोकदार. माझी सही चार फूट मोठी करून लाकडी जमिनीवर रंगवायची आहे म्हणाले, आणि कागद पुढे केला. ज्या अक्षरापायी शाळेत सिस्टर क्लोटिल्डने माझ्या बोटांवर पट्टी मारली, त्याच अक्षरावर आता पोरी च्युइंगम थुंकणार. सिस्टर स्वर्गात असतील तर आज हसून त्यांचं पोट दुखलं असेल.

मग त्यांनी पितळी फलकाचा मजकूर दाखवला. एकोणतीस वर्षं मुलींच्या संघाची प्रशिक्षक, पाचशे बारा विजय. खोटं नाही, पण मेलेल्या माणसाबद्दल लिहावं तसं. आणि खाली एक ओळ: ‘१९८७ची अंतिम लढत सहायक प्रशिक्षकाच्या चुकीमुळे एका गुणाने हुकली.’

मी खवळले. असल्या फलकाखाली उभी राहणार नाही, हे कुणी लिहिलं, मेल्या माणसाला लाज कशी नाही, असं बरंच काही बोलले. ते घाबरून मी भाजलेल्या फ्रूट-पायच्या बशीकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “पण बाई, हे तुमचेच शब्द आहेत. तेव्हाच्या पेपरातून घेतलेत.”

त्यांनी कात्रण काढलं. माझेच होते.

लवॉन, इथवर मी गुडघ्यांबद्दल आणि बुटांबद्दल लिहिलं. अजून दोन परिच्छेद त्या फ्रूट-पायबद्दल लिहू शकते. रूबार्बच्या आंबट देठांचा होता, त्यांनी कडा खाल्ल्या नाहीत. पण तुला पहिल्या ओळीपासूनच कळलं असणार हे पत्र कशाचं आहे.

अकरा सेकंद उरले होते. आपण एका गुणाने पुढे होतो, चेंडू आपल्या डार्लाकडे, आणि समोरच्या दोघींनी तिला कोपऱ्यात दाबलं होतं. खेळ थांबवायचे किती टाइमआउट उरले ते मोजून बोटांनी दाखवायचं, हे माझी सहायक म्हणून तुझं काम. मी तुझ्याकडे बघितलं. तू मूठ दाखवलीस. एकही नाही. वर तोंडानेही म्हणालीस, “कोच, संपले.” तरी मी डार्लाला टाइमआउट घ्यायला ओरडले आणि त्या बिचारीने पंचांना हात केला. नसलेला टाइमआउट मागितला म्हणून समोरच्यांना कुणी न अडवता मारायचे दोन फ्री थ्रो मिळाले, दोन्ही आत गेले, वर चेंडूही त्यांनाच. आपण संपलो.

नंतर पत्रकारांनी विचारलं, तेव्हा मी म्हणाले की सहायकाकडून मोजणी चुकली.

मूठ मला दिसली होती. त्या क्षणी मला वाटलं, तूच चुकलीस. कारण मी कधी चुकत नाही, हे तेव्हा सगळ्या आयोवाला माहीत होतं.

त्याच उन्हाळ्यात तू राजीनामा दिलास आणि नेब्रास्कात शाळेतल्या मुलांना गाडी शिकवायला गेलीस. बत्तीस वर्षांत एक शब्द बोलली नाहीस. दर नाताळला नुसतं नाव लिहिलेलं कार्ड. त्याचा मला फार राग यायचा. चर्चमध्ये फादरपुढे कबुली द्यायची वेळ आली की मी तो ‘राग’ सांगायचे, ‘खोटं’ कधीच नाही. तीनदा माफी मिळवली, तीही चुकीच्या पापाची.

फलक ओतून झालाय, पुन्हा ओतायला वेळ लागेल, असं बुटवाले म्हणाले. मी म्हटलं, मग माझ्या सहीलाही वेळ लागेल. कागद अजून कोरा आहे. नवी ओळ मी स्वतः लिहून दिली: ‘१९८७ची अंतिम लढत मुख्य प्रशिक्षक बर्नडीन क्लोस्टरमनने सहायकाचं न ऐकल्यामुळे हुकली.’ हेच पेपरलाही पाठवलंय. त्यांनी छापायच्या आधी मोबाइल नंबर मागितला. मी पत्ता दिला.

समारंभ दोन मार्चला, दुपारी दोनला. मैदानाच्या कडेला माझ्या शेजारची खुर्ची रिकामी ठेवायला सांगितली आहे. येऊ नयेसं वाटलं तर येऊ नकोस. खुर्ची तशीच राहील. आलीस तर एक काम कर. माझं भाषण लांबलं की मूठ दाखव.

या वेळी मी गप्प बसेन.

तुझी कोच,
(हे नाव अजून तोंडात येत असेल तर)
बर्नडीन