यासीनला दिसलेले एकवीस

मिरकरवाडा, रत्नागिरी
१८ जुलै २०२५

ती. अब्बांना रझियाचा सलाम, वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहिते. अम्मीला इतक्यात दाखवू नका, रडायला बसेल.

मंगळवारी शाळेत डोळे तपासायला डॉक्टर आले होते. रंगीत ठिपक्यांच्या पुस्तकात सगळ्या वर्गाला चौऱ्याहत्तर दिसले, आपल्या यासीनला एकवीस. पोरं हसली. त्याच्या वर्गाच्या नम्रताबाईंनी मला बोलावून घेतलं. त्याला लाल-हिरवा वेगळा ओळखता येत नाही, जन्मापासूनचं आहे, औषध नाही, म्हणाल्या. बाकी काही अडणार नाही, पण समुद्रावर दिवे ओळखावे लागतात, तिथे पाठवू नका. हे आईच्या माहेराकडून येतं, तुमच्यात कुणाला होतं का, असंही विचारलं. मला आठवेना.

एक ऑगस्टला होड्या सुटतील. त्याच्या चाचाबरोबर मासेमारीला जायचं म्हणून यासीन आत्ताच तयार होऊन बसलाय. त्याचे अब्बा तर जहाजावरून दर फोनला यासीनला पुढे बोटीवर नोकरी लावायचंच बोलतात. यासीन रडून म्हणतो, कुणाला सांगू नको, मी पुस्तकातले आकडे पाठ करीन. अब्बा, क्षणभर मला तेच बरं वाटलं. त्याचीच आता भीती वाटते. सांगू की गप्प बसू?

माया आहेच, ती असू द्या.
तुमची रझिया

जयगड
२३ जुलै

चि. रझियास अनेक दुआ.

पत्र चार वेळा वाचलं. गप्प बसू नकोस. यासीनला होडीवर पाय ठेवू देऊ नकोस. जावईबापू रागावले तर माझ्यावर रागावू देत.

तुमच्यात कुणाला होतं का, असं बाईंनी विचारलं ना? तुझ्या अयूबभाईला होतं. मला ते आज कळलं. लहानपणी जाळ्याचा लाल बोया मागितला की हिरवा आणायचा. थट्टा करतो समजून मी कानफटात द्यायचो. पुढे मार चुकवायला तो सगळं ठेवलेल्या जागेवरून ओळखायला शिकला. होडी चालवणाऱ्या तांडेलाचा मुलगा म्हणून सुकाणू मीच त्याच्या हाती दिलं. सतरा वर्षांपूर्वी पहाटे खाडीत शिरताना तो लाल दिव्याच्या चुकीच्या बाजूने गेला आणि खडकावर आपटला. लोक म्हणाले, सुकाणूवर झोप लागली. मीही तेच म्हणालो, त्याच्या मयतीलासुद्धा.

तुझी अम्मी एकटी म्हणायची, माझा मुलगा झोपणाऱ्यातला नव्हता. मी तिला गप्प करायचो. आता तिच्यासमोर तोंड उघडायची हिंमत होत नाही. तू ये आणि तूच सांग.

म्हाताऱ्या बापावर लोभ ठेव.
तुझा अब्बा

मिरकरवाडा
१ ऑगस्ट

ती. अब्बांना सलाम, वि. वि.

सकाळी होड्या गेल्या. यासीन जेट्टीवर बघत उभा होता आणि मी मागून त्याचा शर्ट धरून ठेवला होता, पंधरा वर्षांच्या मुलाचा. चाचाला सगळं सांगितलं. यासीनच्या अब्बांनाही फोनवर सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, शाळेत त्याला अजून कुणी हसतं का. यासीन माझ्याशी बोलत नाही, नीट जेवत नाही. पण घरात आहे.

पुढच्या रविवारी त्याला घेऊन येते. अम्मीजवळ मी बसेन, तिचा हात धरीन. सांगायचं मात्र तुम्हीच.

लोभ आहे, तो राहीलच.
तुमची रझिया